जिन्याखालची पेटी

जानेवारी १९९१मध्ये आखाती युद्ध टीव्हीवर दिसलं आणि मुंबईत केबलची मागणी एकदम वाढली. मी तेव्हा गिरगावात गच्च्यांवरून वायर ओढायचो. स्प्लिटरने सिग्नल दोन घरांत वाटला की प्रत्येकाला निम्म्याहून कमी मिळे. म्हणून जिन्याखाली लोखंडी पेटीत अ‍ॅम्प्लिफायर. झाकण उघडलं की गरम हवा तोंडावर यायची. पण अ‍ॅम्प्लिफायर चित्राबरोबर पडद्यावरच्या मुंग्याही वाढवतो! म्हणून सिग्नल मरायच्या आधीच तो लावावा लागतो, शेवटच्या घरापाशी नाही. पुढे १९९५चा केबल टीव्हीचा कायदा आला, २०१२मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आज त्याच वायरवरून इंटरनेट घेत असाल, तर जुना एकमार्गी अ‍ॅम्प्लिफायर आधी काढा. तो घरातून परत जाणारा सिग्नल अडवतो.