काजळ धरणे : कसबा पेठेतील एका गृहविद्येचा इतिहास

डोळ्यांचा शृंगार शिकू पाहणाऱ्या मुलीच्या हाती आज प्रथम येते ती काजळाची पेन्सिल आणि समोर असतो आरसा; पुण्याच्या जुन्या पेठांतील घरांत मात्र या शिक्षणाचा आरंभ दिव्यापाशी होई, कारण काजळ डोळ्यांत घालता येण्याआधी ते धरता यावे लागे. 'काजळ धरणे' म्हणजे तेवत्या वातीवर धातूचे भांडे उपडे ठेवून त्याच्या बुडाला जमणारी काजळी गोळा करणे. ती कृती अवगत झाली की बोटाने डोळ्याच्या कडेला रेघ ओढणे हे त्या मानाने किरकोळ काम समजले जाई, आणि आजच्या शिकाऊ मुलीला जे सर्वांत अवघड वाटते तेच त्या काळी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी बोलून शिकवले जाई.

या विद्येची साधने कसबा पेठेत दाराशीच मिळत. पेठांच्या वाढीपूर्वीचे जे मूळ गाव 'कसबे पुणे' म्हणून ओळखले जाई, त्याचे नाव या पेठेने टिकवले आहे. ग्रामदैवत कसबा गणपती आणि लालमहाल हे तिचे मानबिंदू खरे. पण तिचा खरा स्वभाव कळतो तो तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, शिंपी आळी, कागदीपुरा अशा धंद्यांवरून पडलेल्या नावांतून. तांबट आळीतील कारागीर त्वष्टा कासार समाजाचे असून पेशवाईत ते कोकणातून पुण्यास आले. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे नेमके घाव घालून भांड्याला बळकटी आणि चकाकती खवले आणण्याच्या त्यांच्या कामाला 'मठारकाम' म्हणतात. बंब, घंगाळे, हंडे, कळश्या ही त्यांची मोठी कामे. परंतु घरातल्या लहानशा तांब्याच्या तबकालाही तीच ठोकणी लाभे, आणि असे तबक किंवा काशाची वाटी काजळासाठी राखून ठेवण्याची पद्धत होती. काशाच्या वाटीचे दुसरे काम तूप लावून तळपाय चोळण्याचे, त्यामुळे पायांची उष्णता काढणारी वाटी आणि डोळ्यांना थंडावा देणारे काजळ धरणारी वाटी पुष्कळदा एकच असे, आणि घरच्या बायकांना त्यात काही विसंगत वाटत नसे.

कृती दिसायला सोपी होती. मऊ सुती कापडाची किंवा कापसाची वात वळून ती एरंडेल तेलात अथवा साजूक तुपात भिजवीत, पणती दोन विटांच्या मध्ये ठेवीत आणि विटांवर तबक असे उपडे मांडीत की ज्योतीचे टोक त्याला जेमतेम स्पर्श करील. तेलाला पुरेशी हवा मिळाली नाही म्हणजे ते पूर्ण जळत नाही आणि न जळलेल्या कार्बनाचे अतिसूक्ष्म कण धुरासोबत वर चढतात; ते थंड पृष्ठभागावर चटकन बसतात, म्हणून तबकावर ओले फडके घालण्याची किंवा भांडे सुलटे ठेवून त्यात गार पाणी भरण्याची युक्ती होती. भांडे फार खाली आले तर ज्योत गुदमरे, फार वर गेले तर धूर निसटून जाई. नवशिकी मुलगी येथेच चुके आणि तबकापेक्षा भिंत अधिक काळी करी. काजळी पुरेशी जमल्यावर ती हलकेच खरवडून पुष्कळ पाण्यांनी धुतलेल्या लोण्यात किंवा तुपात खलीत, त्यात भीमसेनी कापूर चिमटीभर घालीत आणि घट्ट झाकणाच्या डबीत भरीत. खल कमी पडला तर काजळ डोळ्यांत खुपे, तूप अधिक झाले तर उन्हात गालांवर ओघळे. प्रमाण वहीत उतरवलेले नसे. ते तर्जनी आणि अंगठा यांच्या मध्ये चोळून पाहिल्यावरच कळे.

काजळ आणि अंजन हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, तरी त्यांत भेद आहे. दिव्याच्या काजळीचे ते काजळ. अंजन ही अधिक व्यापक संज्ञा असून तीत खनिजे आणि वनस्पतींचे अर्कही येतात. चरकसंहितेने सौवीरांजन हे खनिज अंजन रोज घालावे आणि दारुहळदीच्या काढ्यापासून केलेले रसांजन पाच किंवा आठ रात्रींनी, डोळ्यांतील पाणी वाहून जाण्यासाठी, वापरावे असे सांगितले आहे. सुरमा हा खनिजांच्याच वर्गातला, पण बाजारातील सुरमा पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो. रसांजन डोळ्यांना झोंबते, आणि हे ध्यानात घेतले म्हणजे कानउघाडणीच्या अर्थाने 'झणझणीत अंजन घालणे' हा वाक्प्रचार मराठीत का रुजला ते उमगते.

मुलीचा हात बसे तो मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांवर. न्हाऊमाखू घालून धुरी दिलेल्या तान्ह्या भावंडाला काजळ घालणे हे तिला सोपवले जाणारे पहिले काम असे. मूल डोके हलवते, डोळे मिटते, रडते. अशा चंचल डोळ्यावर जिचा हात स्थिर राहिला तिला पुढे स्वतःच्या डोळ्यांची धास्ती उरत नसे. बोट हलके पडावे म्हणून करंगळीचा किंवा अनामिकेचा वापर होई, खालची पापणी किंचित खाली ओढून नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाकडे बोट फिरवीत आणि उरलेल्या काळ्या बोटाने कपाळावर किंवा गालावर तीट लावीत. दृष्ट लागू नये म्हणून रूपात मुद्दाम ठेवलेले हे न्यून म्हणजेच गालबोट. भाषेने पुढे त्याचा अर्थ उलटवला आणि चांगल्या कार्यात घडलेल्या अनिष्ट गोष्टीला ते नाव दिले.

काजळ कोठवर न्यावे यालाही मर्यादा होती. शनिवारवाड्याची पायाभरणी 1730 मध्ये होऊन वास्तुशांत 1732 मध्ये झाली. त्यात नाचाचा दिवाणखाना आणि आरसेमहाल होते, आणि दिव्यांच्या उजेडात दूर बसलेल्यांना डोळ्यांचे भाव दिसावेत म्हणून नर्तकीला डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर लांबवलेल्या रेघेचा उपयोग होता. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांत तीच रेघ अमर्याद ठरे, आणि काजळ पापणीच्या आतच राहावे असा दंडक असे. विधवेला तर तेही वर्ज्य होते. कुंकू आणि बांगड्यांबरोबर तिचे काजळही जाई. पण बाळंतपणे आणि बाळांची न्हाणी ज्या वयस्क स्त्रियांच्या हाती असत त्यांत विधवाही असत, म्हणजे जिला स्वतः काजळ घालण्याची मुभा नव्हती तिनेच ते धरावे आणि नातींना शिकवावे असा प्रकार घडे. या रीतीचे कौतुक करताना तिच्यातील ही क्रूरता झाकता येत नाही.

डोळा रेखाटण्याची आणखी एक विद्या याच परिसरात नांदते. गणपतीच्या मूर्तीचे डोळे रंगवण्याला 'आखणी' म्हणतात. मूर्ती घडवणारे हात अनेक असले तरी आखणी ठरावीक कसबी माणसाकडेच दिली जाते, कारण श्वास रोखून एका दमात ओढलेली रेघ चुकली तर मूर्तीची मुद्राच बदलते. हा कारागीरही मातीकाम आणि रंगकाम यांतून वर येतो. त्याला पहिल्या दिवशी कुंचला मिळत नाही.

लांब रेघेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती रंगभूमीने. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगले. त्या परंपरेत स्त्रीभूमिका पुरुषच करीत, त्यामुळे काही काळ डोळे रेखण्याचे औपचारिक शिक्षण रंगपटात पुरुषांनाच मिळत होते, हे गमतीचे आहे. बालगंधर्वांच्या लुगड्यांचे आणि केशरचनेचे अनुकरण तर घराघरांतून झाले. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली, आणि पडद्यावर जवळून दिसणाऱ्या डोळ्यांनी नवा धडा घालून दिला. 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केल्यानंतर देशी बनावटीची सौंदर्यप्रसाधने हळूहळू मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली.

घरचे काजळ मागे पडण्याचे कारण एवढेच नव्हते. रॉकेलच्या चिमणीची काजळी उग्र वासामुळे निरुपयोगी होती, विजेच्या दिव्याला काजळी धरतच नाही, आणि स्टीलच्या भांड्यांनी तांब्या-काशाला स्वयंपाकघरातून हुसकावले. कसब्यातील मुली आता काजळ आणि आयलायनर घेण्यासाठी तुळशीबागेत जातात. पेन्सिलीने पहिली रेघ वाकडीच येते, कारण हाताला आधीची उमेदवारी घडलेली नसते.

तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत मात्र कोणतेच काजळ घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात: बोटाने जंतुसंसर्ग होतो, अश्रुमार्ग चोंदू शकतो, आणि बाजारातील काही काजळांत व सुरम्यांत शिसे आढळले आहे. हा सल्ला पुष्कळ घरांनी मानला आहे. तीट तेवढी कपाळावरून कानामागे किंवा तळपायावर गेली आहे.