एरंडेलाचा रविवार

आमच्या सातारा भागात महिन्यातून एखाद्या रविवारी पोरांना एरंडेल पाजायची रीत माझ्या लहानपणी घरोघर होती. शनिवारी रात्री जेवण बेताचंच. पहाटे उठवून, नाक दाबून, सुंठीच्या काढ्यातून तेल घशाखाली उतरवायचं. मग दिवसभर घर सोडायचं नाही. दुपारी गुरगुट्या भात आणि मेतकूट. रविवार निवडलेला, कारण शाळा नसे.

तेल घरीच निघे. बांधावरच्या एरंड्या आजी भाजायची, उखळात कुटायची आणि भरपूर पाण्यात उकळायची. वर तवंग आला की पळीनं अलगद काढून पुन्हा मंद आचेवर, तडतड थांबेपर्यंत; थांबली म्हणजे पाणी आटलं. एरंडीतलं रायसिन हे जहाल विष. ते तेलात उतरत नाही, उष्णतेनं निकामी होतं. आजीला हे नाव ठाऊक नव्हतं, पण उरलेला चोथा तिनं गुरांपुढे कधी टाकला नाही. तो खत म्हणून शेतात जाई. या शहाणपणाचं मला आजही अप्रूप आहे.

एरंडाचा औषधी उपयोग इजिप्तमध्ये इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरसमध्येही आहे. पण एरंडेल काम कसं करतं, याचा उलगडा २०१२ साली जर्मनीत झाला. आतड्यात तेलातून सुटणारं रिसिनोलिक आम्ल आतड्याचे स्नायू आवळतं आणि त्याच वाटेनं गर्भाशयाचेही. गर्भारणीला एरंडेल नको, ते यासाठी.

या रिवाजात एक मोठी उणीव होती. कोठा जड झाला तरी एरंडेल आणि पोट दुखलं तरी एरंडेलच. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. रात्री एरंडेल पाजलेलं आणि सकाळी पोट फळीसारखं कडक, अशी पोरं आमच्याकडे यायची. अपेंडिक्स सुजलेलं असताना रेच दिला तर ते फुटू शकतं. म्हणून ताप, उलट्या किंवा पोटात कळ असेल तर आधी डॉक्टर, असं मी प्रत्येक आईला बजावायची. तान्ह्याला तर तेल पाजूच नये. ते श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो.

पुढे घराघरांत एरंडेलाची जागा इसबगोलानं घेतली. त्याचं पीक मुख्यतः गुजरात-राजस्थानात येतं, मोठा बाजार उंझ्याला. तो आतडी आवळत नाही, पाणी शोषून फुगतो आणि मळ मऊ करतो. पण तो पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. काही म्हातारी माणसं चमचाभर कोरडाच तोंडात टाकून वर घोटभर पाणी पितात. तो घशात फुगून अडकतो आणि जीव घुसमटतो.