पाउलींचा प्रश्न आणि उत्तराशिवाय छापलेला पेपर

आजचा भाग मी दोनदा पुढे ढकलला होता. म्हटलं, गेज थिअरी आधी आपल्याला पूर्ण कळू दे, मग माइकसमोर बसू. तेवढ्यात १९५४ च्या फेब्रुवारीतल्या एका सेमिनारची गोष्ट आठवली आणि ठरवलं, आता बोलूनच टाकू.

ठिकाण अमेरिकेतलं प्रिन्स्टन, इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी. फळ्यापाशी ३१ वर्षांचे चेन निंग यांग. समोर संस्थेचे संचालक रॉबर्ट ओपेनहायमर (हो, सिनेमातलेच!) आणि नोबेलविजेते वोल्फगांग पाउली. यांगनी समीकरण लिहायला घेतलं न घेतलं तोच पाउलींनी विचारलं, या फील्डचं वस्तुमान किती? यांग म्हणाले, माहीत नाही. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. यांगनी सांगितलं, प्रश्न अवघड आहे, प्रयत्न केला, पण ठाम काही हाती लागलं नाही. पाउलींनी ती सबब मान्यच केली नाही. यांग सरळ खाली बसले. सगळे अवघडले. शेवटी ओपेनहायमर मध्ये पडले, तेव्हा व्याख्यान पुढे सरकलं.

आता पाउली नुसतेच खडूस होते का? नाही हो. त्यांचा प्रश्न खरा होता.

इलेक्ट्रॉनला एक ‘फेज’ असतो. घड्याळाचा काटा समजा. बारा कुठे धरायचे, ही आपली मर्जी. पूर्वी मुंबईचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असायचं. त्यानं गाडीचा वेग बदलत नव्हता, फक्त दोन घड्याळांतला फरक माहीत असावा लागायचा. तसंच जागोजागी काटा वेगळा लावायची मुभा दिली, तर फरकाचा हिशेब ठेवणारं काहीतरी लागतं. ते म्हणजे गेज फील्ड. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ते निघतं आपलं ओळखीचं विद्युतचुंबकीय फील्ड! हेर्मान वाइल यांनी हे १९२९ मध्ये नीट मांडलं. गंमत म्हणजे १९१८ मध्ये त्यांनी हीच कल्पना फेजऐवजी लांबीच्या मापाला लावली होती, आणि आइन्स्टाइननी त्यातली चूक दाखवली होती. कल्पना बरोबर होती, जागा चुकली होती.

यांग आणि ब्रुकहेवनमध्ये त्यांच्याच ऑफिसात बसणारे रॉबर्ट मिल्स यांनी ती प्रोटॉन आणि न्यूट्रॉनला लावली. इथे काटा एकाच तबकडीवर फिरत नाही. हातातला फोन बघा. आधी तो पुढच्या बाजूला नव्वद अंश कलवा, मग उजवीकडे नव्वद अंश वळवा. आता हेच उलट्या क्रमानं करा. फोन वेगळ्याच स्थितीत येतो ना? क्रम बदलला की उत्तर बदलतं. त्यामुळे या फील्डचे कण एकमेकांवरही बल लावतात.

पण हिशेबानं हे कण प्रकाशाच्या कणासारखे वस्तुमान नसलेले निघत होते. अणुकेंद्रातलं बल तर फार लांब पोचत नाही, म्हणजे ते वाहणारा कण जड हवा. शिवाय विद्युतभार असलेले, वस्तुमान नसलेले कण असते तर ते कधीच सापडले असते. पाउलींना हे पक्कं ठाऊक होतं, कारण १९५३ मध्ये ते स्वतः याच वाटेनं जाऊन याच खड्ड्यापाशी थांबले होते. त्यांनी ते काम छापलं नाही. केंब्रिजच्या रोनाल्ड शॉ या विद्यार्थ्यालाही हे स्वतंत्रपणे सुचलं, पण ते त्याच्या पीएचडीच्या प्रबंधातच राहिलं.

यांग आणि मिल्सनी मात्र पेपर पाठवला. ऑक्टोबर १९५४ मध्ये तो फिजिकल रिव्ह्यूत आला. वस्तुमानाबद्दल समाधानकारक उत्तर आमच्याकडे नाही, हे त्यांनी त्यातच लिहून टाकलं.

उत्तरं आली, पण वेगळ्याच दारांनी. १९६४ मध्ये हिग्ज आणि इतरांनी अशा कणांना वस्तुमान मिळण्याची युक्ती दाखवली. वाइनबर्ग आणि सलाम यांनी ती १९६७-६८ मध्ये दुर्बल बलाला लावली. १९८३ मध्ये सर्नला डब्ल्यू आणि झेड कण सापडले, प्रोटॉनच्या सुमारे ८६ आणि ९७ पट जड! प्रबळ बलाचे ग्लुऑन मात्र वस्तुमान नसलेलेच आहेत, पण एकटेदुकटे बाहेर पडत नाहीत.

दरम्यान, १९७५ च्या सुमारास स्टोनी ब्रुक विद्यापीठात गणितज्ञ जिम सायमन्स यांच्याकडून यांगना कळलं की आपलं गेज फील्ड म्हणजे भूमितीतलं ‘कनेक्शन’. गणितवाल्यांनी ते भौतिकशास्त्राकडे न बघताच घडवलं होतं! आणि या गोष्टीत मुंबईही आहे बरं का. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ मध्ये शुद्ध भूमितीतलं एक प्रमेय सिद्ध केलं. १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसननी त्याची नवी सिद्धता दिली, ती यांग-मिल्सच्या नजरेतून.

पाउलींचा प्रश्न मात्र अजून पुरता मिटलेला नाही. यांग-मिल्स थिअरीत सगळ्यात हलक्या कणालाही शून्यापेक्षा जास्त वस्तुमान असतं, हे गणितानं काटेकोर सिद्ध करणाऱ्यासाठी क्ले इन्स्टिट्यूटनं २००० मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. ते अजून कुणी नेलेलं नाही.

पाउलींची शंका बरोबर होती, म्हणून ते थांबले. यांगनाही ती शंका मान्य होती, तरी त्यांनी ती कागदावर लिहिली आणि बाकीचं जगापुढे ठेवलं. तुमच्याही ड्राफ्ट फोल्डरमध्ये असं काही पडलंय का? जे जमलं नाही ते खाली स्पष्ट लिहा, आणि पाठवून द्या.

माझा हा भागही तसाच आहे. काही चुकलं असेल तर सांगा. भेटू पुढच्या भागात!