छपरावर उवा काढणाऱ्या चौघी

टीममधल्या फ्रेंच मित्राला म्हटलं, शनिवारी मोंतायूला जाऊया. त्याने विचारलं, "तिथे आहे काय?"

प्रश्न रास्त होता. तुलूझहून दक्षिणेला पिरेनीजच्या दिशेने निघायचं, आक्स-ले-तेर्म मागे टाकून घाट चढायचा, आणि साधारण १३०० मीटर उंचीवर मूठभर घरांचं एक गाव लागतं. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर एक मांजर होतं आणि कुठेतरी पाण्याचा आवाज. वरच्या टेकाडावर किल्ल्याची म्हणून जी पडकी भिंत उरली आहे, ती बघायला दहा मिनिटं पुरतात. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला तर ही एखादी गढीच वाटेल. मित्र भिंतीच्या सावलीत बसून सँडविच खाऊ लागला.

मी मात्र उताराकडे बघत होतो. मध्ययुगातलं गाव या किल्ल्याला बिलगून होतं, आजच्यापेक्षा वर. तेव्हा इथे दोनअडीचशे माणसं राहत. मेंढपाळ, शेतकरी, विणकर. त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं मला माहीत आहेत. कोण कोणावर प्रेम करत होतं, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, हेसुद्धा. चौदाव्या शतकातल्या साध्या माणसांबद्दल इतकं सहसा कळत नाही. इथे कळतं, कारण त्यांची चौकशी झाली.

हा सगळा प्रदेश कॅथार पंथाचा. जग सैतानाने घडवलं, शरीर म्हणजे कैद, आणि पोपचं चर्च खोटं, असं मानणारे हे लोक. जवळच्याच मोंसेग्युर किल्ल्याचा १२४४ साली पाडाव झाला आणि दोनशेहून जास्त जणांना जिवंत जाळलं गेलं. तरी डोंगरातल्या गावांमध्ये पंथ धुगधुगत राहिला. १३०८ साली कार्कासोनच्या इन्क्विझिशनने मोंतायूला वेढा घालून, लहान मुलं सोडली तर, अख्खं गाव पकडून नेलं. दहा वर्षांनी पामिएचा बिशप जाक फुर्निए याने पुन्हा चौकशी सुरू केली. १३१८ ते १३२५ या काळात त्याच्या न्यायालयाचं काम ३७० दिवस चाललं. जबाब झाले ५७८.

फुर्निए छळाच्या यंत्रांवर फारसा विसंबत नसे. त्याचं हत्यार म्हणजे चिकाटी. तो विचारायचा, ऐकायचा, परत विचारायचा. मी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो, त्यामुळे हा स्वभाव मला ओळखीचा वाटतो: एक विसंगती दिसली की तिचा धागा धरून मागे मागे जायचं. फक्त त्याच्या लॉगमधल्या प्रत्येक ओळीमागे जामिनाशिवाय बसलेला एक माणूस होता.

लोक ओक्सितान भाषेत बोलायचे आणि कारकून ते लॅटिनमध्ये उतरवायचा. "मी गेले"चं "ती गेली असे ती म्हणाली" व्हायचं. फुर्निए पुढे १३३४ मध्ये बेनेडिक्ट बारावा या नावाने पोप झाला, आणि त्याची वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात टिकली. जाँ द्युव्हेर्न्वाने १९६५ साली लॅटिन संहिता छापली. दहा वर्षांनी इमानुएल ल रुआ लादुरीचं 'मोंतायू' आलं आणि एका विसरलेल्या खेड्याचं पुस्तक हातोहात खपलं.

त्यात सापडते बेआत्रिस द प्लानिसोल, याच किल्ल्याच्या किल्लेदाराची बायको. नवरा वारल्यावर तिचं गावच्या पाद्र्याशी, पिएर क्लर्गशी जुळलं. (हा क्लर्ग म्हणजे दुहेरी बेरकी. कॅथारांना सांभाळायचा आणि इन्क्विझिशनला माहितीही पुरवायचा. शेवटी तुरुंगात मेला.) बेआत्रिसला पकडलं तेव्हा तिच्याकडे नातवंडांच्या वाळवलेल्या नाळा सापडल्या. ती म्हणाली, या जवळ असल्या की खटला जिंकता येतो, असं ऐकलं होतं. १३२१ मध्ये तिला तुरुंगाची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सुटली ती अंगावर पिवळे क्रूस वागवण्याच्या अटीवर.

पण मी आलो होतो ते छपरांसाठी. एका साक्षीत गावातल्या चौघी बायका येतात. गिएमेत बने आणि अलाझाइस रीव्ह आपापल्या लेकींकडून उन्हात, घराच्या बसक्या छपरावर, उवा काढून घेत बसल्या आहेत. गिएमेत विचारते, जळताना माणसं ते दुखणं सोसतात तरी कशी? अलाझाइस तिला वेड्यात काढते आणि सांगते, ते दुखणं देव स्वतःवर घेतो. खालून जाणाऱ्या बाईने हे ऐकलं. तिने वर्षांनी ते बिशपला सांगितलं.

पायरीवर बसून नातींच्या उवा काढणारी माझी आजी अशीच बोलायची. मरणाबद्दलसुद्धा, हात न थांबवता.

इथे अडखळायला होतं. ही गोष्ट मी आवडीने वाचतो, पण सांगणारीने ती भीतीपोटी सांगितली. रेनाटो रोझाल्डो या मानववंशशास्त्रज्ञाने लादुरीवर नेमकी हीच टीका केली: तुम्ही इन्क्विझिटरला क्षेत्रकार्य करणारा अभ्यासक करून टाकलंत. मला ती पटते. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. ती वही जळली असती तर गिएमेतचा प्रश्नही गेला असता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून मधला छोटा खंड सोडता १८१२ पर्यंत चाललं आणि त्याचं बहुतेक दप्तर नष्ट झालं. तिथल्या छपरांवर कोण काय बोललं, ते गेलंच.

आजी गेल्यावर तिची कागदपत्रं शोधली होती. रेशनकार्ड, सातबारा, मृत्यूचा दाखला. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे वारस म्हणून नाव, तेही ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून. तिला कोणी पकडून नेलं नाही, हे चांगलंच झालं. तिचं एक वाक्यही कुठे लिहिलेलं नाही.

मित्राने सँडविचचा कागद घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "झालं बघून?" उतरताना त्याला छपरावरची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याच्या आजीला ओक्सितान यायची. शाळेत बोललं की शिक्षा व्हायची, म्हणून तिने मुलांना शिकवली नाही.

रात्री तुलूझला पोचल्यावर आईला फोन लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. तिला तसं सांगितलंही. पहिली फाइल चार मिनिटांची आहे. त्यातली तीन मिनिटं आई विचारते आहे, हे सगळं तुला कशाला हवंय.