चाक धरणारा ब्रेक, चाक सोडणारा ब्रेक

मोटारीच्या ब्रेकचा इतिहास बहुधा पकडीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणाचा ब्रेक अधिक जोराने धरतो, कोणाची गाडी थोडक्या अंतरात थांबते, याचीच त्यात मोजदाद. परंतु धरलेले चाक वेळेवर सोडणे हे ब्रेकचे दुसरे, आणि तितकेच अवघड, कर्तव्य होय. मागील ब्रेकचे पॅड बदलण्यासाठी गाडी गॅरेजात येते आणि कॅलिपर जागचा हलत नाही, तेव्हा मिस्त्रीपुढे उभी राहते ती या दुसऱ्या कर्तव्याचीच अडचण.

जुन्या ड्रम-ब्रेकमध्ये सोडण्याची व्यवस्था उघड आणि रांगडी होती. चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती पट्ट्या असत. पाय दाबला की त्या फाकून डब्याला घासत आणि पाय उचलला की ताठ स्प्रिंगा त्यांना मागे खेचून घेत. अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्या हिंदुस्थानात दीर्घकाळ धावल्या त्या याच ब्रेकच्या भरवशावर.

डिस्क-ब्रेकची कल्पनाही काही नवी नव्हे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण त्याचे तांब्याचे अस्तर धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजे आणि ब्रेक कर्कश ओरडे. कल्पना मागे पडली. पुढे विमानांच्या चाकांवर ती स्थिरावली आणि तेथून डनलॉप कंपनीने ती शर्यतीच्या मोटारीवर आणली. १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क-ब्रेकच्या जॅग्वारने जिंकली. रोल्ट आणि हॅमिल्टन हे तिचे चालक. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी प्रथमच गाठली गेली. १९५५ मध्ये सित्रोएन डी. एस. या गाडीच्या पुढील चाकांवर डिस्क आल्या आणि हा ब्रेक घरगुती मोटारीत शिरला.

आता या ब्रेकची सोडण्याची रीत पाहा. डनलॉपच्या आरंभीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेण्यासाठी आत स्वतंत्र खुंटीची योजना होती. नंतरच्या रचनेत तीही गेली आणि उरली केवळ चौकोनी छेदाची एक रबरी कडी. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो, तेव्हा त्याला बिलगलेली ही कडी केसभर पिळली जाते. दाब सुटला की ती पूर्ववत होते आणि पिस्टनला तेवढेच मागे आणते. पॅड झिजला की पिस्टन कडीतून थोडा पुढे घसरून नवी जागा धरतो, म्हणून वारंवार ब्रेक आवळावे लागत नाहीत. मोठी सुंदर युक्ती. पण तिचे बळ किती? गंजाशी झुंज द्यावी इतके खास नव्हे.

त्यानंतर एकाच बाजूला पिस्टन असलेला, दोन पिनांवर सरकणारा कॅलिपर रूढ झाला. तो स्वस्त आणि हलका खरा, पण आता पिनाही मोकळ्या राहणे आले. त्या सुकून अडकल्या की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा जवळजवळ कोराच राहतो. हा पुरावा चाक काढताच दिसतो.

मागील चाकांवर हे अधिक घडते, कारण ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागच्या ब्रेकला काम थोडे उरते. पॅड सावकाश झिजतात, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणी ते उघडत नाही. नेहमीचे ब्रेक-तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि आतून गंजाला वाव देते. बाहेरून रबरी टोपण फाटले की पाणी शिरते. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर पसरलेले मीठ हा घात करते. गोव्याच्या आणि कोकणाच्या किनाऱ्यावर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. चिकटलेल्या ब्रेकने चाक तापते, तेल उकळू लागते, आणि उकळलेल्या तेलाचा ब्रेक ऐन उतारावर धरत नाही. न सुटणारा ब्रेक शेवटी न धरणारा होतो तो असा.

अशा कॅलिपरवर हातोडा चालविणे हा अडाणीपणा. प्रथम तेलाचा निचरा-स्क्रू किंचित सैल करावा. तेवढ्याने चाक मोकळे झाले, तर पिस्टन निर्दोष असून आतून फुगलेल्या नळीने दाब कोंडून ठेवला आहे असे बहुधा ठरते. पिना काढून, घासून, रबराला न फुगवणारे सिलिकोन ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल, तर पुष्कळ गाड्यांत पिस्टन आतल्या आट्यांवर बसलेला असतो. तो दाबता दाबता फिरवीतच आत न्यावा लागतो; नुसत्या शिकंज्याने रेटला तर आतली यंत्रणा मोडते. अगदीच अडलेला पिस्टन पेडलच्या दाबानेच हळूहळू बाहेर काढणे बरे, कारण दाबलेल्या हवेने तो गोळीसारखा उडून बोटे चिरडू शकतो. पृष्ठभागावर गंजाचे खड्डे दिसले तर पिस्टन बदलावा.

सारे जुळवून चाक बसविल्यावर तेलाची पातळी पाहून, गाडी हलविण्यापूर्वी पेडल अनेकदा दाबून घेतात. आत ढकललेला पिस्टन अजून पॅडपासून दूर असतो, आणि पहिल्या दाबाला पेडल थेट तळाशी जाते.