रक्तपेशींची पात्रे

मानवेतिहासावरील १९७८ च्या मालिकेनंतर आल्बेर बारिये या फ्रेंच निर्मात्याने १९८७ मध्ये शरीरशास्त्रावर ‘इल एते ऊन फ्वा... ला व्ही’ ही २६ भागांची ॲनिमेशन मालिका आणली. तिच्यात तांबड्या पेशी, म्हणजे हिमोग्लोबिन या लोहयुक्त प्रथिनाच्या आधारे प्राणवायू वाहणाऱ्या रक्तपेशी, पाठीवर वायूचे बुडबुडे लादून धमन्यांतून चालतात, तर रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी पोलिसांच्या वेषात गस्त घालतात. परतीच्या वाटेवर त्याच पाठीवर कार्बन डायऑक्साइडचे ओझे चढते. प्रत्यक्षात हा वायू बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तद्रवात, म्हणजे रक्ताच्या पेशीविरहित द्रवभागात, मिसळून जातो, परंतु बालप्रेक्षकासाठी केलेले हे सुलभीकरण क्षम्य मानावे लागते. पोलिसांचे रूपक मात्र अधिक शंकास्पद आहे, कारण त्यामुळे प्रत्येक जिवाणू गुन्हेगार वाटू शकतो, तर प्रत्यक्षात आतड्यांतील असंख्य जिवाणू पचनास साह्यच करतात.