राजेळी केळी आणि वसईची सुकेळी

राजेळी ही कोकणातील केळीची पारंपरिक जात. फळ लांब, जाड व घट्ट गराचे. वसई तालुक्यातील आगाशी परिसर या फळापासून होणाऱ्या सुकेळींसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही येथील सुक्या केळ्यांचा उल्लेख आढळतो.

लडाखमध्ये जर्दाळू सुकवतात, तशी वसईत केळी. पूर्ण पिकलेली राजेळी सोलून मांडवावर उन्हात मांडतात आणि दव लागू नये म्हणून रात्री झाकून ठेवतात. काही दिवसांत पाण्याचा अंश उडून ती तांबूस, चिवट व अधिक गोड होतात. साखर घालावी लागत नाही. इतर सामान्य केळ्यांत पाणी अधिक असल्याने ती या कामी तितकीशी उपयोगी पडत नाहीत.

नागरीकरणामुळे वसई-विरारमधील वाड्या आक्रसल्या आणि सुकेळी करणारी कुटुंबे मोजकीच उरली. केळीची लागवड बियांपासून नव्हे, तर मुनव्यांपासून होते. बी साठवून ही जात राखता येत नाही. तिच्यासाठी वाडीच टिकावी लागते. राजेळी गेली, तर सुकेळीही जाईल.